मुठीतला जोड

तिसरी चिठ्ठी घेऊन भाचा कारखान्यातून थेट दारात आला, तेव्हाच मावशीने ओळखलं की पाणी डोक्यावरून गेलंय.

चिठ्ठीवर आकडा होता एकशे साठ–एकशे सहा. कारखान्याचा नियम सरळ होता: क्रेनचालकाचा रक्तदाब तीनदा वाढलेला निघाला की क्रेनवरून खाली. उद्यापासून त्याच्या हाती झाडू येणार होता. डॉक्टरांची सही तेवढी बाकी होती, आणि डॉक्टर चारला यायचे.

मावशीने छत्तीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. तिने आधी त्याचे हात पाहिले. उजव्या दंडावर रक्तदाब मोजायच्या पट्ट्याचा वळ होता. डाव्या तळव्यात मात्र चौकोनी खळगा उमटला होता. क्रेनचा दांडा गोल असतो, हे तिला ठाऊक होतं.

"आत काय झालं?"

"काय होणार? बसलो, पट्टा बांधला, दोनदा मोजलं."

"धावत गेला होतास? चहा, सिगारेट?"

"अर्धा तास बाकावर नुसता बसून होतो. कंपाउंडर चांगला आहे गं. उलट धीर देतो मला."

तिने त्याला दहा मिनिटं गप्प बसवलं आणि आपलं जुनं पाऱ्याचं यंत्र काढलं. एकशे चोवीस–ऐंशी.

चार वाजायच्या आत ती भाच्याला घेऊन कारखान्यातल्या तपासणीच्या खोलीत पोचली. बेसिनवर पिवळा थर, पट्टा शेकडो दंडांच्या घामाने काळा आणि ताठ. तिच्या वेळी पट्टा रोज धुऊन उन्हात पडायचा. धुवायचा कोण, तर हाच कंपाउंडर; विशीत तिच्याच हाताखाली शिकलेला. तिला पाहून तो वाकला. म्हणाला, सिस्टर, मी तुमच्याच हातचा.

तेवढ्यात बदली क्रेनचालक कंपाउंडरचा जेवणाचा डबा ठेवायला आला. "बसा की जावईबापू," कंपाउंडर लोण्यासारखा विरघळला.

डॉक्टर आल्यावर मावशीने आधी स्वतःचा दंड पुढे केला. कंपाउंडरने पट्टा बांधून बटण दाबलं. एकशे तीस–अठ्ठ्याहत्तर. म्हणजे यंत्र ठणठणीत होतं.

"आता याचा. एरवी बसतोस तसाच बस रे."

भाच्याने उजवा हात टेबलावर ठेवला. डाव्या हाताने, कुणी न सांगता, यंत्राच्या वायरवरचा चौकोनी जोड मुठीत धरून आवळला. बोटं पांढरी पडली.

"आज नको, असू दे," कंपाउंडर घाईने म्हणाला.

"का? तुम्हीच सांगता ना, जोड सैल आहे, सगळा जोर लावून धर, नाहीतर आकडा उडेल?" भाच्याने विचारलं.

"माझ्या वेळी कुणीच धरला नव्हता," मावशी म्हणाली. "तरी आकडा उडाला नाही. तू सोडू नकोस. डॉक्टर, दोन मिनिटांनी तुम्हीच बटण दाबा."

एकशे अठ्ठावन्न–एकशे चार. मूठ सोडून पाच मिनिटं झाल्यावर एकशे सव्वीस–ब्याऐंशी.

"हात हलत नसला तरी आवळलेला स्नायू राबत असतो," मावशी भाच्याकडे वळून म्हणाली. "त्याच्यातून रक्त नीट वाहत नाही, म्हणून शरीर दाब वाढवतं. दोन्ही आकडे चढतात, आणि मूठ सोडली की उतरतात. तुला खाली आणायचं होतं, कारण जावईबापूंना वर चढवायचं होतं."

डॉक्टरांनी तिन्ही चिठ्ठ्या रद्द केल्या आणि कंपाउंडरसमोर खोलीच्या किल्ल्यांसाठी हात पसरला.

"मी त्याला बोट तरी लावलं का?" कंपाउंडर पुटपुटला. "पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे, सिस्टर."

मावशीला तीस वर्षांपूर्वीचा वर्ग आठवला. तेव्हा विशीत असलेल्या याच कंपाउंडरच्या मुठीत तिने रबरी चेंडू दिला होता. पारा चढताना पाहून तो कसा हरखला होता. म्हणून मोजताना माणसाची मूठ उघडी ठेवायची, असं तिने पुढे शिकवलं होतं.

"अर्धा धडा बरा लक्षात ठेवलास," ती म्हणाली.

तिने पट्ट्यातली रबरी पिशवी काढली, कापड बेसिनमध्ये टाकलं आणि साबण मागितला.

"मावशी, राहू दे ना आता. चल घरी."

"शिकवलं मीच होतं," ती म्हणाली आणि बोटांवरून ओघळणारा काळा फेस बघत घासत राहिली.