समोरून हात आला की

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठेवून घ्या, नाही पटली तर सोडून द्या. मी शपथा घेत बसणार नाही. मागच्या वर्षी, नोव्हेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी, धरणाच्या भिंतीवरच्या रस्त्यावर मी स्वतः मागच्या सीटवर बसले होते.

आधी माझ्या नवऱ्याबद्दल सांगते.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर बंद पेटीत एकटा. त्यामुळे असेल, पण मोटरसायकलवर बसला की सगळं जग त्याचं सोयरं होतं. ट्रकवाल्याने पुढे जायला वाट दिली की हॉर्नची छोटीशी पीप. समोरून मोटरसायकलवाला आला की डावा हात खाली आणि दोन बोटं रस्त्याकडे. माझ्या मावशीला नमस्कार करायचा म्हटलं की याची कंबर धरते, पण रस्त्यावरच्या परक्याला सलाम कधी चुकायचा नाही.

"ओळख ना पाळख, कशाला रे हात करतोस?" मी विचारायची.

"अगं, वाटेत मला काही झालं तर तोच थांबणार ना? समोरून हात आला की आपला गेलाच पाहिजे."

हे त्याने आमच्या तीन वर्षांच्या लेकीलाही शिकवलं होतं. तिला आम्ही बुटकी म्हणतो. तीही ऐटीत दोन बोटं खाली करायची.

त्या शनिवारी मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानातून तो मला घ्यायला आला. बुटकी धरणापलीकडच्या पाळणाघरात होती. पाळणाघर सातला बंद होतं. उशीर झाला की तिथल्या काकू तिला बूट घालून पायरीवर बसवतात. ती रडत नाही. नुसती रस्त्याकडे बघत बसते, आणि तेच मला जास्त लागतं.

पण त्या दिवशी वेळ भरपूर होता.

धरणाचा रस्ता सरळसोट. दोन्हीकडे कंबरेएवढी भिंत. एकीकडे पाणी, दुसरीकडे खोल उतार. कुठे फाटा फुटत नाही, की थांबायला टपरी नाही. मध्यावर दिव्याचा एक वाकलेला खांब आहे. तो गेला की समजायचं, अर्धं धरण संपलं.

खांबापाशी अचानक धुकं लागलं.

समोरून एक दिवा आला...

मोटरसायकल होती. चालवणाऱ्याच्या अंगात पिवळा रेनकोट. पाऊस नव्हता.

त्याचा डावा हात खाली आला. दोन बोटं. नवऱ्यानेही हात केला.

तो गेला आणि मग माझ्या लक्षात आलं... त्याच्या गाडीचा आवाजच आला नव्हता.

"बॅटरीवरची असेल," नवरा म्हणाला.

थोडं पुढे गेलो आणि वाकलेला खांब आला.

परत.

समोरून दिवा. पिवळा रेनकोट, कोपरावर फाटलेला. दोन बोटं. नवऱ्याचा हात खाली गेला.

"अरे, हा तोच!"

"फिरून आला असेल दुसऱ्या रस्त्याने."

"कुठल्या दुसऱ्या रस्त्याने?"

त्याने गाडीचा वेग वाढवला.

तिसऱ्यांदा खांब आला तेव्हा त्याने गाडी उलटी वळवली. म्हणाला, जाऊ दे, दुकानाकडून लांबच्या रस्त्याने जाऊ. आता तरी तो माणूस पाठीमागून यायला हवा होता ना?

तो समोरूनच आला...

नवऱ्याने हात केला. खांब आला.

नवऱ्याने गाडी परत पाळणाघराच्या दिशेने वळवली. तेवढ्यात माझा फोन वाजला. पाळणाघरातल्या काकू.

"ताई, सात वाजून गेले हो. बाकी सगळी मुलं गेली."

"आलोच काकू. धरणावर आहोत. धुकं फार आहे."

"कसलं धुकं?" काकू म्हणाल्या. "मी गॅलरीत उभी आहे. अख्खं धरण दिसतंय. सगळे दिवे लागलेत..."

"मग?"

"रस्त्यावर कुणीच नाहीये, ताई."

डोळ्यांसमोर ती पायरी दिसायला लागली. तिच्यापर्यंत आपण पोचणारच नाही, असं वाटलं आणि मला रडू फुटलं. आणि रडता रडताच उमगलं. हा हात करतो, की आपण परत खांबापाशी येतो.

"आता हात करू नकोस."

"मी करत नाहीये गं," तो म्हणाला. "आपोआप जातोय."

मी पुढे वाकून त्याचा डावा हात माझ्या दोन्ही हातांनी त्याच्या पोटाशी आवळून धरला. क्लच धरायला हात नाही, म्हणून गिअर बदलता येईना. गाडी दुसऱ्याच गिअरमध्ये कण्हत होती.

दिवा आला.

या वेळी तो हळू झाला. अगदी आमच्या बाजूला. हात खाली, दोन बोटं बाहेर. हेल्मेटची काच काळी होती, पण तो वाट बघत होता हे कळत होतं. नवऱ्याचा हात माझ्या मुठीत हिसके देत होता. माझी नखं त्याच्या मनगटात रुतली. मी सोडला नाही.

तो मागे गेला.

आणि मग पहिल्यांदाच त्याच्या गाडीचा आवाज ऐकू आला...

आमच्या पाठीमागून.

आम्ही वळून पाहिलं नाही. धुकं संपलं, धरण संपलं. आवाज पाळणाघराच्या फाटकापर्यंत आला आणि बंद पडला.

बुटकी पायरीवर बसली होती. मी तिला उचलून छातीशी धरलं. तिने माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं आणि हात खाली केला. दोन बोटं.

"कुणाला गं?"

"काकांना. त्यांनी आधी केला."

रस्ता रिकामा होता.

मोटरसायकल आम्ही विकली. नवरा आता बसने जातो. पण अंधारायला लागलं की खुर्चीवर बसल्या बसल्या त्याचा डावा हात खाली घसरतो, दाराच्या दिशेने. बुटकीचाही. म्हणून मी दोघांच्या मध्ये बसते आणि दोघांचे डावे हात धरून ठेवते.

एकदाच सोडले. गॅसवर दूध होतं, ते वर येताना दिसलं म्हणून धावले. गॅस बंद केला. बाहेरून बुटकीचा आवाज आला, "काका गेले!"

मी घाईने स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडले...

आणि स्वयंपाकघरातच आले. गॅस चालू होता. दूध उतू जायच्या बेतात होतं.

किती वेळा गॅस बंद केला, मला आठवत नाही. कशी सुटले तेही नाही. नवरा म्हणतो, मी आत गेले आणि लगेच बाहेर आले.

तेव्हापासून संध्याकाळी मी कशासाठीच उठत नाही. दार वाजलं तरी नाही.

काल बुटकीने बसल्या बसल्या दुसरा हात खाली केला. उजवा.

मला दोनच हात आहेत.