मंगलीच्या दंडावरचा चट्टा

चौऱ्याऐंशी सालच्या एप्रिलात कुष्ठरोग तपासणीवाले गुणवंतराव एटापल्लीपलीकडच्या जंगलातल्या एका टोल्यावर, पाचसात घरांच्या पाड्यावर, पोहोचले, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. त्यांना ते बरंच वाटलं. कातडीचं दुखणं कंदिलाच्या उजेडात पाहू नये, हे नव्या पोरांना सांगून सांगून ते थकले होते. शिबं, गजकर्ण, कोड, खरूज, सगळं त्यांना दहा हातांवरून ओळखू यायचं. त्याचा थोडा ताठाही होता म्हणा.

शेवटचं घर लालसूचं. अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली, वास नाकात बसणारा. लालसूनं लेकीला, मंगलीला, पुढे केलं. पंधरा दिवसांवर तिचं लग्न होतं.

“भाऊ, पोरीच्या दंडावर फिक्कट चट्टा हाये. सोयरे म्हनतात, महारोग असन त आमाले पोरगी नोको. तुमी पाहून सांगा.”

चट्टा रुपयाएवढा, कोरडा. शिबंही असू शकलं असतं. पण ठरायचं एकाच गोष्टीनं: तिथे स्पर्श कळतो की नाही. कळला तर लग्न. नाही कळला तर रोग्याच्या कार्डावर नाव.

“डोळे मीट, माय. पीस लागलं का तिथी बोट ठेव.”

त्यांनी कोंबडीचं पीस चट्ट्याच्या मधोमध टेकवलं.

“इथी,” मंगलीनं अचूक बोट ठेवलं.

मग कडेला. “इथी.”

गुणवंतरावांचा जीव भांड्यात पडला. परक्याची पोर, पण त्यांना खरोखर आनंद झाला. पीस खाली ठेवून ते पिशवीतलं पेन शोधू लागले.

“इथी,” मंगली म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं. तिचे डोळे गच्च मिटलेले, बोट चट्ट्यावर.

“इथी... इथी...”

वारा नव्हता. लालसू चार हात लांब उभा होता. झाडांत मघापासून किरकिरणारे किडे एकाएकी थांबले होते.

गुणवंतरावांनी पीस उचलून चट्ट्यावरून चांगलं दाबून ओढलं. मंगली गप्प. पेनाचं टोक टेकवलं. गप्पच. मग तिनं कोपरावर बोट ठेवलं, जिथे ते पोहोचलेच नव्हते.

“आता इथी.”

चट्टा बधिर होता. मघाशी पोरीला कळलं ते त्यांचं पीस नव्हतंच.

“मंगली... कोन हात लावून राह्यलं तुले?”

“तुमीच ना, भाऊ...” ती हळूच म्हणाली. “लय थंडा हात हाये तुमचा.”

“काय झालं, भाऊ?” लालसूचा आवाज चिरकला.

“गोळ्यायनं बरं होते,” गुणवंतराव कसंबसं म्हणाले. “पन... कार्डावर नाव लिहा लागन.”

लालसू मटकन खाली बसला. मंगलीनं मात्र डोळे उघडले नाहीत. तिचं बोट कोपरावरून खांद्यावर, खांद्यावरून गळ्यावर गेलं. तिथे थबकलं. मग मिटल्या डोळ्यांनीच तिनं हात पुढे केला आणि गुणवंतरावांच्या मनगटावर बोट टेकवलं.

“आता इथी...”

त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या मनगटावरची, तिच्या बोटाशेजारची लव कुणी हात फिरवावा तशी एका बाजूला झुकत होती, सरळ होत होती, पुन्हा झुकत होती.

त्यांना काहीच जाणवत नव्हतं. मंगलीचं बोटसुद्धा.