खुंटीवरचा नान

घरातून कुणी लांब जायला निघालं की त्याने ताज्या नानचा एक घास घ्यायचा आणि उरलेला नान आईच्या हाती द्यायचा, ही त्या डोंगरखोऱ्यातली रीत. आई तो नान स्वच्छ फडक्यात बांधते, दारावरच्या खुंटीला टांगते आणि माणूस परत येईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. सैन्यात गेलेल्या पोराचा नान वाळून दगड होतो, तरी तो तिथेच लटकत असतो. आपलं अन्न घरी शिल्लक आहे, ते संपवायला आपल्याला परतावंच लागणार, एवढं साधं आहे ते. ज्यांना हे सगळं खुळचट वाटतं, तेही निघताना गुपचूप घास घेतातच.

बेगायिमनेही घेतला. लहानपणी वासराच्या लाथेने तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला होता, त्यामुळे ती जिथे चावेल तिथे मधोमध एक कंगोरा उरायचा. तो बघून तिची आई गुलसून हसली, आणि लगेच तिचे डोळे भरून आले. पण रडायला सवड नव्हती. सीमेपलीकडे, अल्माटीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुणीतरी ऐनवेळी जागा सोडली होती आणि ती बेगायिमला मिळाली होती. उद्या सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याची. त्यातून खोऱ्यातली सीमाचौकी आज संध्याकाळी बंद झाली की थेट मे महिन्यात उघडणार. राजधानीकडून वळसा घालून जावं, तर उद्याची सकाळ हातची गेलीच म्हणून समजा.

"आपा, पुरे की," बेगायिम आईला म्हणाली. थैलीत कोंबायला आता जागाच नव्हती.

"बोरसोक तेवढे घे. मघाशीच कणीक मळून तळलेत. ते शहरातले लोक तुला काय खायला घालणार आहेत, शिंगरू माझं."

बाहेर मायरामबेकने गाडीचा भोंगा वाजवला. दर आठवड्याला सीमेपार फेऱ्या मारणारा हा माणूस अख्ख्या गावाचा बायके, म्हणजे थोरला भाऊ होता, आणि थोरल्या भावाला टोमणे मारायचा हक्क असतो असं तो धरूनच चालायचा.

"पासपोर्ट बघू," रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला. "हं. तुला सोडतील ते. या फोटोतल्या बाईचं मात्र काही खरं नाही."

"बायके, ते काय काय विचारतात हो?"

"विचारतात कुठे? नुसते बघतात. आपल्यालाच आपण चोर वाटायला लागतो."

बेगायिम हसली खरी. देशाबाहेर ती कधीच गेली नव्हती. ज्यांचं आपण काहीच वाकडं केलेलं नाही, त्यांच्या खिडकीसमोर उभं राहून 'मला आत घ्या' म्हणायचं, या कल्पनेनेच तिचे तळवे ओले झाले होते. एका शिक्क्यावर आपलं सगळं अडलेलं आहे, हे तिला त्या फोटोतल्या बाईपेक्षाही नीट ठाऊक होतं.

दुपार कलली आणि खोऱ्यात धुकं उतरलं. आधी डोंगर गेले, मग तारांचं कुंपण गेलं. चौकीपाशी गाडी थांबली तेव्हा शेणकुटांचा धूर आणि ओल्या लोकरीचा वास तेवढा येत होता. गाडीची तपासणी वेगळ्या फाटकातून व्हायची आणि प्रवाशांनी पायी जायचं, असा नियम होता.

"ही चौकी झाली की मधली पट्टी लागेल. सरळ रस्ता आहे, मध्ये पूल आहे. त्या टोकाला त्यांची चौकी," मायरामबेक म्हणाला. "मी पलीकडे उभा असतो. चहाची तल्लफ आलीय, उगाच निसर्ग बघत बसू नकोस."

या बाजूचा शिक्का चटकन मिळाला. खिडकीतल्या पोराने मान वर करूनही पाहिलं नाही. मग थैली तपासणाऱ्या म्हाताऱ्याने वरचं गाठोडं सोडलं आणि त्याचा हात तिथेच थांबला.

फडक्यात बोरसोक नव्हते. नान होता. एक घास घेतलेला, मधोमध कंगोरा असलेला.

बेगायिमच्या लक्षात आलं. दोन्ही फडकी सारखीच होती. घाईगडबडीत आईने तळणाचं गाठोडं खुंटीला टांगलं होतं आणि घरी राहायचा नान तिच्यासोबत धाडला होता.

"पोरी, हा इथे कसा?" म्हाताऱ्याने हळूच विचारलं.

"चुकून आला, बाबा. मी… फोन करून सांगते आईला."

"इथे फोन लागत नाही." त्याने फडक्याची गाठ परत मारली. "शिक्का पडलाय तुझा. आता मागे फिरलीस तर आज पुन्हा सोडणार नाहीत."

"मग जाते ना मी. त्याला काय झालं?"

म्हाताऱ्याने खिडकीकडे पाहिलं. तिथलं पोरगं मोबाइलवर कसलासा खेळ खेळत होतं.

"फार वर्षं झाली. अशाच शेवटच्या दिवशी एक मुलगी आली होती. जिपारगुल तिचं नाव. तिला घरी कुणी नव्हतं. नान ठेवणार कुणापाशी, म्हणून तिने तो सोबतच घेतलेला. मीच बघितला होता, मीच गाठ मारून दिली होती… इथून निघाली, आणि त्या चौकीवर पोचलीच नाही. दुपारी बर्फ सुरू झालं होतं. उन्हाळ्यात शोधलं सगळ्यांनी. एक बूटसुद्धा मिळाला नाही." त्याने थैली तिच्या हातात दिली. "सरळ चालत राहा. कुणी नान मागितला तर देऊ नकोस. बस."

आता चालण्यावाचून उपाय नव्हता. मागे फिरलं तर जागा जाणार होती आणि पुढे धुकं होतं. बेगायिमने जागा निवडली, यात तिच्या धिटाईचं कौतुक करायला हवं. ती मात्र स्वतःला मनातल्या मनात गाढव म्हणत होती.

पट्टीवर पाऊल टाकलं तेव्हा आधी नुसती शांतता जाणवली. मग कुंपणाच्या तारेतून वारा बारीक शीळ घालू लागला. कुठेतरी खाली नदीचा आवाज होता, पण तो डावीकडून येतोय की उजवीकडून, ते कळत नव्हतं. ओल्या मातीत तिचे बूट चिकटत होते. धुक्यातून बर्फाचा बारीक भुगा पडायला लागला होता.

आणि मग वास आला. तंदुरातून नुकत्याच काढलेल्या नानचा वास, गरम, खरपूस. आसपास कोसभर तंदूर नव्हता.

"पहिल्यांदाच निघालीस ना?"

पुलाच्या कठड्यापाशी एक मुलगी उभी होती. वयाने बेगायिमहून थोडी मोठी. अंगात जुन्या घाटाचा जाड अंगरखा, डोक्याला रुमाल, काखेत फडक्याचं गाठोडं. उभी होती मात्र ताठ, शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तशी.

बेगायिमने नुसती मान हलवली.

"घाबरू नकोस. घाबरलेलं माणूस त्यांना लांबून कळतं." ती मुलगी तिच्या बरोबरीने चालू लागली. "टोपी आताच काढून ठेव. पासपोर्टाचं वेष्टन काढ, ते मागतातच. खिडकीशी गेलीस की आधी सलाम, मग पासपोर्ट. विचारतील तेवढंच सांग. कशाला आलीस?"

"शि… शिकायला."

"पुन्हा सांग."

"शिकायला आलेय."

"छान. राहणार कुठे? पत्ता कागदात बघून सांगू नकोस, तोंडपाठ ठेव. परत कधी जाणार?"

"उन्हाळ्यात. सुट्टीत."

"इथे सगळ्या अडखळतात," ती म्हणाली. "परत जायचं नक्की ठाऊक असेल त्याने तसं सांगावं. म्हणजे ते पान उलटतात. आणि शेवटी विचारतील, सोबत कोण आहे. एकटीच आहे म्हण. माझ्याकडे बघायचं नाही."

बेगायिमला भीती वाटत होती, आणि भीतीच्या आतून आणखी काहीतरी वर येत होतं. या मुलीला सगळं किती नीट माहीत होतं. तिच्या आवाजात ना तोरा होता ना घाई. असं कुणीतरी थोरलं आपल्याला असायला हवं होतं, असं बेगायिमला वाटून गेलं.

"एजे," तिने थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारली, "तुम्ही बऱ्याचदा गेला असाल ना पलीकडे?"

"एकदाही नाही."

"मग हे सगळं…"

"येणारी प्रत्येकजण सोबतच्यांना विचारत विचारतच जाते. ऐकते मी. नंतर एकटीच म्हणून बघते… सलाम. शिकायला आलेय. परत जाणार आहे." ती क्षणभर थांबली. "पण ते खोटं होतं. परत जायला माझं कुठेच काही ठेवलेलं नाही. त्या फाटकापर्यंत जाते मी, आणि पुन्हा पुलावरच असते."

तिने काखेतलं फडकं उघडून दाखवलं. आत नान होता, काळा पडलेला, दगड झालेला, एका कडेला लहानसा घास घेतलेला. वास त्याचा नव्हता. वास कुठून येत होता कोण जाणे.

"तुझा दे मला," ती म्हणाली.

बेगायिम जागच्या जागी थिजली. म्हाताऱ्याचे शब्द कानात वाजत होते. समोर धुक्यात पलीकडच्या चौकीचा पिवळट दिवा दिसू लागला होता, धावली असती तर पोचली असती.

"कशाला हवाय?"

"तुझ्या घरी नेऊन देते. माझा टांगायला कुणी नाही… पण तुझी आई आहे ना. मागच्या बाजूला मला जाता येतं, कुणाचं काही पोचवायचं असलं तर." मग ती हळू आवाजात म्हणाली, "नाही दिलास तरी मी अडवणार नाही. जा तू. पण मग तू 'परत जाणार' म्हणशील आणि तुझी जीभ अडखळेल. माझी अडखळली होती."

बेगायिमने तिच्याकडे नीट पाहिलं. रुमालावर पडलेलं बर्फ वितळत नव्हतं. ओठ निळे होते. आणि इतकी वर्षं या पुलावर उभं राहून या पोरीने काय केलं होतं, तर येणाऱ्या-जाणाऱ्या अनोळखी पोरींना धीर दिला होता. कुणाचा हात धरून ओढलं नव्हतं, कुणाला चकवलं नव्हतं. बेगायिमने थैलीतून नान काढला आणि मोठ्या माणसाला देतात तसा दोन्ही हातांनी पुढे केला.

हात हाताला लागले, आणि ती थंडी कोपरापर्यंत चढली.

"आईचं नाव?"

"गुलसून. निळं फाटक आहे, तलावाच्या वाटेवर."

"जा आता. टोपी काढ," ती म्हणाली आणि धुक्यात मागे वळली. चिखलात बेगायिमच्या एकटीच्याच बुटांचे ठसे होते.

पलीकडच्या खिडकीत एक जाड भुवयांची बाई बसली होती. बेगायिमने सलाम केला, मग पासपोर्ट दिला. प्रश्न त्याच क्रमाने आले. कशासाठी? कुठे राहणार? बेगायिमने पत्ता घडाघडा सांगितला.

"परत कधी जाणार?"

जीभ टाळूला चिकटली. एक क्षण, दोन क्षण. बाईने भुवया वर केल्या. आणि मग बेगायिमला छातीत कुठेतरी खात्री वाटली, कुणीतरी एक गाठ घट्ट मारली असावी तशी.

"उन्हाळ्यात," ती म्हणाली. "घरी आई आहे माझी."

"सोबत कोण आहे?"

"कुणी नाही. एकटीच आहे."

बाईने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग शिक्का मारला.

मायरामबेक गाडीला टेकून उभा होता. "आलीस? मला वाटलं, त्या फोटोतल्या बाईलाच घेऊन जावं लागतंय."

बेगायिम हसू लागली आणि तिला थांबताच येईना. मागच्या सीटवर बसून ती शिक्का पुन्हा पुन्हा बघत राहिली. बऱ्याच वेळाने गाडी डोंगर उतरून माळावर आली तेव्हा फोन वाजला.

"पोचलीस का गं?" गुलसूनचा आवाज दबका होता. "मी काय घोळ घातला बघ. मघाशी वर पाहते तर खुंटीला बोरसोक… बसले रडत. तेवढ्यात फाटक वाजलं. बाहेर कुणी नाही, आणि मागे वळते तर खुंटीला नान. फडकं बर्फाने भिजलेलं."

"चांगलं झालं, आपा. राहू दे तिथेच."

"राहू देते. पण शिंगरू…" आई थांबली. "त्याचे दोन घास घेतलेत. एक तुझा, कंगोऱ्याचा. दुसरा लहान आहे, कुणा मुलीचा असावा. अजून ओला आहे."

बेगायिमने फोन कानाशी घट्ट धरला.

"कोण आहे मला माहीत नाही," गुलसून म्हणाली. "पण माझ्या दारातून घास घेऊन निघालीय, म्हणजे आता परत येणं आलं. मी दोघींची वाट बघते. तिला सांग."

फोन ठेवला तेव्हा काचेबाहेर अंधार पडत होता. मायरामबेकने आरशातून मागे पाहिलं.

"गरम नान आहे होय थैलीत? मघापासून वास येतोय. एकटीच खाऊ नकोस हं."

थैलीत नान नव्हता. बेगायिमने शेजारी पाहिलं नाही. तिने फक्त रिकाम्या सीटवरची आपली थैली उचलली, मांडीवर घेतली आणि दाराच्या बाजूला थोडी सरकून बसली.

थोड्या वेळाने शेजारची सीट किंचित दबली.