जाळ्यावरची जागा

पोलीस जमादाराने मोबाईल पुढे केला आणि गिरजाच्या हातातली मासोळी विळीवर तशीच राहिली...

दाढी वाढलेली, गाल बसलेले, डोळे खोल गेलेले! आखातातल्या आपल्या दूतावासाकडून तो फोटो मूल गावच्या पोलीस ठाण्यात आला होता. पासपोर्टची मुदत कधीच संपलेली, तोही मालकाने दाबून ठेवलेला; हा याच गावचा, याच घरचा, असं घरच्या माणसाने ओळखून सांगितलं तरच त्याला परत यायचा कागद मिळणार होता. सासरे मनसाराम खाटेवर बसून ऐकत होते, पण त्यांची दृष्टी गेलेली. ओळखणारी एकटी गिरजाच उरली होती.

आणि तिने का म्हणून ओळखावं? आखातात कामाला गेलेल्या नवऱ्याचे, गोपालचे, फोन आधी रोज येत, मग सणासुदीला, आणि शेवटी एकदाच आला... मले विसर, दुसरं घर पाह्य, एवढं बोलून त्याने ठेवून दिला. तिकडे दुसरी केली असेल, असं गाव म्हणालं, आणि जळत्या अंतःकरणाने तिनेही तेच खरं मानलं. तरी ती माहेरी गेली नाही. आंधळ्या म्हाताऱ्याला टाकून जायचं कसं? तलावावर मच्छीमार सोसायटीचं जाळं ओढायला घरटी एक जागा आणि मासोळीचा एक वाटा. ती जागा जाऊ नये म्हणून ती लुगडं खोचून पाण्यात उतरली, तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. गोपाल आला की जागा त्याची, हे सोसायटीच्या दसरूभाऊंनी तेव्हाच बजावलं होतं. पण त्या पाण्यात, त्या ओढीत तिचा जीव जडला होता. रोज ती परतली की सासरे खाटेवरून विचारत, कोण आलं? ती म्हणे, मी आली, मामाजी.

ओळखत नसाल तर तसं सांगा, जमादार म्हणाला. नुसती मान हलवली असती तरी भागत होतं!  सासऱ्यांचा हात तेवढा खाटेची दोरी चाचपत राहिला. गिरजाला गलबलून आलं. राग होता, त्या रागाचा हक्कही होता... पण माणसाची घरी यायची वाट आपण कशी बंद करायची?

"आमच्याच घरचे हायेत," ती म्हणाली. "भुवईवर खूण हाये पाहा. मासोळीचा काटा लागला होता त्यायले."

मनसारामांनी दुपट्ट्यात तोंड लपवलं.

पुढे उन्हाळ्यात गोपाल आला. बापाने त्याचा चेहरा बोटांनी वाचला आणि दोघेही हमसून रडले. गिरजासमोर मात्र त्याची मान वर होईना. शेवटी चुलीपाशी बसून त्याने सांगितलं, की दुसरी बाई कधी नव्हतीच. मालक पासपोर्ट देईना, मुदत संपली, मग तो पळाला आणि लपूनछपून राबत राहिला. परत येण्याची आशाच सुटली, तेव्हा तिचं आयुष्य तरी मोकळं व्हावं म्हणून तसं बोलला.

गिरजाचे डोळे भरून वाहू लागले, पण आवाज कापला नाही.

"हे मले सांगाले पाह्यजे होतं. वाट पाहाची का नाई, ते मी ठरोलं असतं."



सकाळी तलावावर ती काठावरच थांबली. तिने जाळ्याचा दोर नवऱ्याच्या हातात दिला आणि तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत त्या पाण्याकडे पाहताना तिला पहिल्यांदाच परकं वाटलं. दसरूभाऊंनी गोपालला हाक मारली. तो पाण्यापर्यंत गेला, थबकला, आणि माघारी येऊन त्याने दोर पुन्हा तिच्या हातात ठेवला.

"भाऊ, जागा तिची हाये," तो साऱ्यांच्या देखत म्हणाला. "मी टोपली उचलतो."

 दसरूभाऊंनी मान डोलावली, आणि गिरजा लुगडं खोचून पाण्यात उतरली.

वाटे पडल्यावर ती पुढे चालत होती आणि टोपली डोक्यावर घेऊन गोपाल मागे. घराशी येताच खाटेवरून सासऱ्यांनी विचारलं, कोण आलं?

गिरजा उंबऱ्यात क्षणभर थांबली.

"आम्ही आलो, मामाजी."