उंबऱ्यात चारशे बारा

कोल्हापूरच्या मनप्रत केंद्रात चारशे बारा मृत माणसं बंद केलेली होती आणि चारशे बाराही चालू होती.

हे कळलं ते संगणकाच्या उबेवरून. बंद प्रतींचं कपाट गार असायला हवं होतं. ते इतकं ऊबदार होतं, की केंद्रातलं मांजर दोन वर्षं त्यावरच झोपत होतं आणि कुणालाही त्याचं नवल वाटलं नव्हतं.

मनप्रत म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणींवरून बांधलेला प्रोग्रॅम. घरच्यांनी वर्षभर त्याच्याशी बोलायचं आणि वर्षश्राद्धाला पडद्यावरची खिडकी बंद करायची. इथं काम करणाऱ्या इरावती बोंगाळेनं आपल्या वडिलांची, आबांची, खिडकी सहा महिन्यांपूर्वी स्वतः बंद केली होती.

"खिडकी मिटली म्हणजे माणूस संपला असं नाही," मनप्रतीचा प्रोग्रॅम लिहिणारे हुलावळे सर म्हणाले. "आत एक लपलेली संदेशखिडकी असते. तिला ना तोंड, ना डोळे, नुसते कान. आलेले संदेश रांगेत लावायचे आणि एकेक उरकायचा. ती चालू प्रोग्रॅमच्या यादीतही दिसत नाही, नाव घेऊन हाक मारावी लागते. सकाळी चारशे बारा नावं घेऊन 'बंद हो' म्हणालो. एक हलला नाही."

"का?"

"दिसणारी खिडकी मिटताना आतल्या लपलेल्या खिडकीला हाच संदेश गेला होता. सगळे तिथंच अडकलेत." सर कान खाजवू लागले. "बंद होण्याआधी प्रत एक चौकट दाखवून विचारते. 'बंद करू?' हे बरं दिसत नव्हतं गं. म्हणून मी 'निघू का?' ठेवलं. खाली दोन बटणं, 'या' आणि 'बसा'. आपल्यात घरच्यांनी 'या' म्हटल्याशिवाय कोण उठतंय?"

"आणि ही चौकट दिसते कुठं?"

"लपलेल्या खिडकीची चौकट. लपलेलीच की."

दोघंही कपाटाकडं बघत राहिले. चारशे बारा माणसं पायात चपला घालून उंबऱ्यात उभी होती. कुणी सहा महिने, कुणी दोन वर्षं.

सरांनी आबांची चौकट पडद्यावर ओढून आणली. *निघू का?* बाजूला आकडा होता: रांगेत १८४.

इरावतीचा चेहरा उतरला. शेवटचा संदेश सरांचा होता. बाकीचे १८३ तिचे. रिकाम्या घरात मोठ्यानं बोलावं तशी ती रोज बंद आबांना लिहीत असे. पोळ्या जमल्या. गीझर बिघडला. आणि एकशे विसावा: *आबा, त्या दिवशी माझी बस चुकली नव्हती. मी हॉस्पिटलच्या दारातून परत गेले. तुम्हाला तसं बघणं मला झेपणार नव्हतं.*

आबा ऐकतायत हे ठाऊक असतं, तर तिनं हे जन्मात लिहिलं नसतं.

"'या' दाबलं तर?"

"रांग न वाचता पुसली जाईल. त्यांना काही कळणार नाही."

"'बसा' दाबलं तर?"

"सगळं वाचतील. शेवटी माझा 'बंद हो' आहे, मग पुन्हा विचारतील."

"उत्तर देतील?"

"तोंड कुठाय? त्यांना म्हणता येईल असं एकच वाक्य उरलंय."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. तिनं "बसा" दाबलं.

आकडा भराभर उतरला. १५०. १०२. ६५ वर थांबला. एकशे विसाव्यावर.

एक मिनिट गेलं. दोन गेली.

"अडकला काय गं?"

"हात लावू नका सर."

पाचव्या मिनिटाला आकडा हलला. उरलेले संदेश क्षणात संपले आणि चौकट आली. *निघू का?*

"चार मिनिटं," सर हळूच म्हणाले. "यंत्राला चार मिनिटं कशाला लागतात?"

"आबा आहेत ते. चष्मा शोधत बसले असतील."

तिनं डोळे पुसले. दुसऱ्यांदा विचारणाऱ्याला अडवू नये. तिनं "या" दाबलं.

सरांनी घरच्यांच्या नंबरांची वही ओढली. "राहिले चारशे अकरा. लोकांना काय म्हणून बोलवायचं?"

"बोलवायच्या आधी एवढंच विचारा," इरावती म्हणाली, "बंद केल्यावर त्यांना काही लिहिलं होतंत का?"