‘येते’ म्हटल्याचं भाडं

कुणी जरा आवाज चढवला की मन्मथचा हात खिशाकडे जातो, ही महानंदाबाईंची पोटच्या पोराबद्दलची जुनी तक्रार होती. लहानपणी समोरचा भांडायला उठला की हा जिंकलेल्या गोट्या परत देऊन मोकळा व्हायचा. आता पुण्यात मोठ्या पगारावर होता, तरी तसाच. आणि परवा तर त्यानं हद्द केली. घरासमोरच्या टेंपोच्या चाकांना वसुलीवाल्यांनी कुलपं ठोकलेली, आत लग्नाच्या खुर्च्या अडकलेल्या, नवरीच्या बापाचा फोनवर फोन, आणि हा तिकडून म्हणतो, "आई, भरून टाकू. कशाला डोक्याला ताप?"

"जे मी खाल्लं न्हाई त्याचं बिल मी भरू?" महानंदाबाई म्हणाल्या. "तुला पैसा लई झाला आसंल तर बापाच्या नावानं गावात पाणपोई घाल."

दुसरीतून सुटलेली शाळा पुन्हा धरली नाही, पण नवऱ्याच्या माघारी मंडप आणि खुर्च्यांचा धंदा त्यांनी एकटीनं उभा केला होता. तो सगळा धंदा त्या एका टेंपोवर चालायचा. उदगीरच्या बाजारात त्यांच्याशी घासाघीस करायला कुणी सहसा धजत नसे. अशा बाईला सहा महिने रोज भाकरी थापायच्या वेळी फोनवर एक गोड आवाज सांगत होता, की लातूरच्या दवाखान्याच्या पार्किंगमधली जागा आपण अजून सोडलेली नाही, भाडं चढत आहे. पहिल्यांदा त्यांना वाटलं, चुकून फोन लागला. मग नोटीस आली, नोटिशीवर दंड आला, दंडावर व्याज आलं, आणि तो गोड आवाज जाऊन वसुली कंपनीचा जाड आवाज आला. महानंदाबाईंचं एकच उत्तर होतं: माझा टेंपो माझ्या दारात उभा आहे, तो तुमच्या दारात कसा असेल?

आता तो टेंपो ना त्यांच्या हातात होता, ना कंपनीच्या. म्हणून त्यांनी तक्रार गुदरली.

त्यांच्या तक्रारीला उत्तर होतं, आणि ते समजून घ्यायचं तर तेव्हाच्या शहरांकडे बघावं लागेल. गाड्या इतक्या वाढल्या होत्या की उभ्या करायला वीतभर जागा उरली नव्हती. दवाखान्यात रोग्याला सोडून कुणी डबा आणायला घरी गेला, तर परत आल्यावर त्याला तासन् तास घिरट्या घालाव्या लागत. त्यावर ‘स्थानबंध’ नावाच्या खाजगी कंपनीनं तोड काढली: हेतुमापन. म्हणजे, माणसाच्या मनात एखादी गोष्ट करायचं खरंच आहे की नाही, हे तो ती करण्याआधीच मोजायचं. पार्किंगमध्ये जागोजागी करड्या रंगाचे खांब उभे राहिले. जो परत येणार, त्याची जागा खांब राखून ठेवायचा. लोक खूश झाले. भाडं जागा वापरल्याचं राहिलं नाही. ती कुणासाठी राखली त्याचं झालं.

सुनावणी लातूरला, तंटा निवारण कक्षात होती. अधिकाऱ्यांच्या एका बाजूला महानंदाबाई आणि मन्मथ, दुसऱ्या बाजूला कंपनीकडून आलेल्या डॉ. शर्वरी देवधर. हे खांब त्यांच्याच प्रयोगशाळेत जन्मले होते.

"आजी, मी तुम्हाला सोपं करून सांगते," त्या म्हणाल्या.

"आजी म्हणू नगंस, बाई. तुझ्या कंपनीच्या कागदात मी थकबाकीदार हाय. आजीच्या गाडीला कुलूप लावतेत व्हय कुणी?"

अधिकाऱ्यांनी खोकल्यासारखं केलं. डॉक्टरांनी मान खाली घालून ते झेललं. "बरं, महानंदाबाई. पंगतीत जेवणारा माणूस आता उठणार, हे वाढणाऱ्याला कळतं का?"

"कळतं की. तोंडानं ‘वाढा वाढा’ म्हणतो आन् मांडी आधीच मोडल्याली आसती."

"आमचा खांब तेवढंच करतो. मनात पक्कं ठरलं की शरीर आधी तयारीला लागतं. श्वास बदलतो, गळ्याच्या शिरा ताठतात, अंगाचा तोल पायांवर सरकतो. डोळ्यांना दिसणार नाही इतकं थोडं, पण होतं. माणूस जे बोलला त्या शब्दामागे त्याचं शरीर उभं आहे की नाही, हे खांब मोजतो. त्या मापाला आम्ही ‘भार’ म्हणतो. तुम्ही त्या दिवशी निघताना ‘येते’ म्हणालात. त्या शब्दाला पुरेपूर भार होता. म्हणून जागा राखली गेली."

"आन् निघताना काय म्हणायचं आसतंय? ‘जाते’? दवाखान्यात, आजारी माणसाला?" महानंदाबाईंनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. "साहेब, तुमच्या घरात कुणी उंबऱ्यावरून ‘जाते’ म्हणतंय का? म्हणाली तर सासू तिथंच थोबाड रंगवंल."

"पद्धत म्हणून म्हटलेलं ‘येते’ खांबाला ओळखता येतं," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "मीसुद्धा रोज तसंच म्हणते. त्याला भार फार थोडा असतो. तेवढ्यावर कुणासाठी जागा राखत नाहीत. तुमचा हेतू खरा होता, आणि तो तुम्ही कधी मागे घेतला नाहीत."

"पार्किंगला निरोप धाडायचा आसतोय हे मला काय ठावं?"

मग अधिकाऱ्यांनी खांबानं टिपलेला आवाज लावला.

शिवकांता, महानंदाबाईंची धाकटी बहीण, तेव्हा त्या दवाखान्यात दाखल होती आणि पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत उभी होती. खाली टेंपोशेजारी उभं राहून महानंदाबाईंनी वर पाहत हाक दिली होती. ती हाक आता खोलीत घुमली: "शिवू, येते गं. सकाळी भाकरी आन् पेंडपाला घेऊन येते. तंवर त्या नर्सबाईशी भांडू नगंस."

उजाडायच्या आत शिवकांता गेली होती. तिला मागच्या दारानं काढून परस्पर गावी नेलं. त्या पार्किंगमध्ये महानंदाबाईंचं पाऊल पुन्हा पडलं नाही. त्यांनी पदर ओढून घेतला आणि टेबलाच्या कडेकडे पाहत राहिल्या.

"साहेब," मन्मथ उठला. तो वकिलाला विचारून आला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर तेज होतं. "त्याच खिडकीखाली, आईच्या पाठोपाठ मीही बोललोय. ‘येतो मावशी.’ माझी गाडी शेजारीच होती. माझा भार मी कंपनीकडून मागवून घेतलाय. बघा."

अधिकाऱ्यांनी वाचलं. "शून्य."

"शून्य. म्हणजे काय? एकाच घरातली दोन माणसं, एकच शब्द, एकच जागा. हा आमच्याकडचा नुसता बोलायचा रिवाज आहे, ह्याचा ह्याहून धडधडीत पुरावा काय पाहिजे? आई रडवेली होती. श्वास लागला होता. खांबानं त्यालाच हेतू समजून घेतलं."

डॉ. देवधरांनी तो कागद स्वतः वाचून पाहिला. "रडू आलं असेल तर माप बिघडू शकतं. हे मला नाकारता येणार नाही," त्या म्हणाल्या. "ते ‘येते’ फक्त पद्धतीपुरतं होतं, एवढं बाईंनी इथं सांगितलं, तर आमची हरकत नाही. भाडं, दंड, सगळं मागे घेऊ. कुलपं आज निघतील."

"आई, म्हण," मन्मथ हळूच म्हणाला.

महानंदाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या डॉक्टरांकडे वळल्या. "शून्य म्हंजी? जरासुदिक न्हाई?"

"जरासं असतं तर जरासं दाखवलं असतं."

"घाईत आसंल तो. पुण्याला परतायचं होतं त्याला."

"घाईत असला तरी भार येतो."

"सुट्टी मिळणार न्हाई हे ठावं आसंल. म्हणून."

त्या बाईचा आवाज पहिल्यांदाच उतरला होता, विनवणीला आला होता, आणि ते ऐकून डॉ. देवधरांना वाटलं, इथं थांबावं. पण प्रश्न शास्त्राचा होता आणि त्यांना खोटं उत्तर देण्याची सवय नव्हती. "येता येणार नाही हे माहीत आहे, पण यावंसं वाटतं, तेव्हाही येतो थोडा भार. शून्य... फार क्वचित दिसतं."

डॉ. देवधरांच्या प्रयोगशाळेकडे अलीकडे नव्या मागण्या येत होत्या. वृद्धाश्रमाच्या फाटकाशी खांब हवा, मुलींच्या वसतिगृहाच्या दारात हवा, घराच्या उंबऱ्याशी हवा. तिथं तर कुणालाच गाड्या लावायच्या नव्हत्या. लोकांना काय मोजून घ्यायचं आहे, हे त्यांना आत्ता कळलं.

मन्मथची बारावीपर्यंतची शाळा लातुरात मावशीच्या घरी झाली होती. शिवकांताला मूलबाळ नव्हतं. डबा तिनं भरला, ताप तिनं काढले, कॉलेजच्या फीसाठी पाटल्या तिनं मोडल्या.

"आई, यंत्र आहे ते. त्याचं काय मनावर घेतेस?" मन्मथ घाईनं म्हणाला. "टेंपोचं बघ. एक वाक्य बोल, सुटलो आपण."

महानंदाबाई उठून उभ्या राहिल्या. "साहेब, लिहून घ्या. बिल खरं हाय."

"म्हणजे?" अधिकाऱ्यांची लेखणी थांबली.

"म्हंजी मी येणार होते. पद्धत न्हवती ती. माझ्या बहिणीला मी पद्धतीपुरतं बोलले आसं मी कुठंबी म्हणणार न्हाई, तुमच्या ह्या खोलीत तर न्हाईच. टेंपो घेऊन जावा. आतल्या खुर्च्या तेवढ्या लोकांच्या लग्नाच्या हाईत, त्या उतरवून घेऊ द्या."

"बाई, तुमचा धंदा त्याच्यावर आहे. पुन्हा विचार करा."

"केला. आधी वाटत होतं मला लुबाडतेत, म्हणून भांडले. आता तसं वाटंना."

"आई, काय करलालीस?" मन्मथची पुण्याची भाषा गळून पडली होती. "जिंकलोत आपण. त्या शून्यावर जिंकलोत."

महानंदाबाईंनी आता त्याच्याकडे तोंड केलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा म्हणून तो उचलला, आणि तसाच खाली घेतला.

"मन्मथ, तू मावशीशी खोटं बोललास आसं मी म्हणणार न्हाई," त्या म्हणाल्या. "खोटं बोलणाऱ्याच्या मनात निदान दुसरं काहीतरी आसतंय. तुझ्या मनात कुणीच न्हवतं."