वाढलेला तुकडा

लाइट गेली का? जाऊ दे. मेणबत्ती शोधत बसू नका, अंधारात कुणाच्या तरी धोतराला लावाल, आणि या गच्चीवर धोतर नेसणारा हा तुमचा आप्पा एकटाच आहे. वारं बरं सुटलंय, बसा. इंजिनिअरसाहेब, तुम्ही भिंतीला पाठ लावून बसा, म्हणजे मागून कुणी आलं तर आधी भिंतीला विचारून येईल. आणि धाकट्या सूनबाई, उद्या तुम्ही लेकराला घेऊन विमानानं निघालाय म्हणे, एकट्याच? मग पुढं सरका. भ्यायचं काही नाही. आप्पा शाळेत जेमतेम चौथीपर्यंत टिकला, पण एक खोड सगळ्यांना माहीत आहे, खोटं सांगताना त्याला हसू येतं. आज येतंय का बघा. अंधारात दिसणार नाही म्हणा.

तर तेव्हा हे जुळे सोलापूर नव्हतं. तुम्ही आत्ता जिथं खुर्च्या टाकून बसलाय तिथं ज्वारी होती. आप्पा राहायचा गावात, बाळीवेशीजवळच्या एका बोळात, आणि त्याच्या दाराला दार लागून दानम्मा राहायची. तिची सून दाक्षायणी. ही गोष्ट दाक्षायणीची, आणि पुढं बऱ्याच वर्षांनी ती गावाकडं आली तेव्हा तिनंच ती सांगितली. एकदाच सांगितली. पुन्हा विचारलं तर उठून चहा ठेवायची.

दाक्षायणीचा नवरा शरणप्पा गिरणीत मेस्त्री. मागाचा आवाज ऐकून कुठला खिळा ढिला झालाय ते सांगायचा. त्याला विलायतेतल्या एका कापडगिरणीत काम लागलं आणि तो गेला. गेला तेव्हा बायको पोटुशी. पोरगं झालं, मल्लू. रांगलं, धरून उभं राहिलं, पळायला लागलं, दीड वर्षाचं झालं, तरी बापानं त्याला फोटोतच बघितलेलं. मग एक दिवस तिकीट आलं. काम म्हणाल तर साधं, पोराला नेऊन बापाच्या हातात द्यायचं. शेजारी दही नेऊन द्यावं तसं. मध्ये तेवढा समुद्र होता.

साल चौऱ्याहत्तर. गड्ड्याची जत्रा नुकती उठलेली. तिकिटावरची तारीख पंचांगात काढून बघितली तर बुधवार, पौषातली अमावस्या. बोळातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. दानम्मा मात्र दुधनीकडची, कानडी मुलखातली. तिकडं अमावस्येला कुणी वाईट म्हणत नाही. तिनं सगळ्यांना गप केलं. म्हणाली, अमावस्या काय करत न्हाय, गावाची शीव करते.

तिनं ज्वारीच्या कडक भाकऱ्या केल्या. पापडासारख्या पातळ, महिना महिना टिकणाऱ्या, मोडली तर दोन घरं पलीकडं आवाज जाईल अशा. शेंगाची चटणी कुटून वेगळ्या पुरचुंडीत बांधली. मग सुनेला पुढ्यात बसवून सांगितलं. लेकरू घेऊन शीव ओलांडताना भाकरीचा एक तुकडा मोडायचा, लेकरावरून ओवाळायचा आणि मागं टाकायचा. वळून बघायचं नाही. शिवेवर जे बसलेलं असतं ते जन्माचं उपाशी. तुकडा मिळाला की तिथंच राहतं, लेकराच्या मागं लागत नाही. आणि शेवटी सुनेचा दंड धरून म्हणाली,

“टाकायचा हं. वाढायचा न्हाय. टाकलेल्यानं ते जातंय. वाढलेल्यानं बसतंय.”

दाक्षायणी मान हलवत होती. मान हलवणारं माणूस ऐकत नसतं, हे इंजिनिअरसाहेबांच्या बायकोला विचारा.

सोलापूरची शीव आली, गाडीच्या खिडकीतून तुकडा गेला. सकाळी मुंबई आली, तर तिथं शीव नावाचं ठेसनच निघालं. पोचवायला आलेला दीर कॉलेजात जाणारा. म्हणाला, वहिनी, हितं तर पाटीच लावलीय, टाका की. टाकला. तो फलाटावरच्या एका गृहस्थाच्या टोपीवर बसला आणि त्याच्याबरोबर हापिसला गेला. हसा, हसा. आत्ताच हसून घ्या.

विमानतळाच्या काचेच्या दाराशी दीर थांबला, पुढं त्याला सोडेनात. दाक्षायणी आत गेली. काखेत पोर, खांद्याला पिशवी, दातात पदर. काचेतून दीर काहीतरी ओरडून सांगत होता, तिला तोंड हलताना दिसलं, शब्द आला नाही. तिथून पुढं असंच झालं बघा. सगळ्यांची तोंडं हलत होती, आणि कळत काही नव्हतं.

विमान रात्री एकच्या पुढं उडालं. खिडकीपाशी दाक्षायणी, मांडीवर मल्लू. शेजारची खुर्ची रिकामी. पलीकडच्या खुर्चीत एक गोरा, तोंडावर पेपर टाकून झोपलेला. विमान वर चढायला लागलं तसे मल्लूचे कान दुखायला लागले, आणि त्यानं असा गळा काढला की पुढच्या रांगांतल्या माना एक एक करून वळल्या. वळल्या, बघितलं, परत फिरल्या. तिनं त्याला पाजलं, थोपटलं, उभं केलं, आडवं केलं. अडीच हाताच्या जागेत किती नाचवणार? गावात पोर एवढं रडलं असतं तर चार दारं उघडली असती. कुणी घुटी आणली असती, कुणी दृष्ट काढली असती, कुणी नुसतंच येऊन आईला शिव्या घातल्या असत्या. शिव्यासुद्धा बऱ्या वाटतात, हे तिला तिथं कळलं. तिला लघवीला जायचं होतं. पोर कुणाजवळ द्यायचं? बसून राहिली.

पोर जरा निवलं तशी ती खिडकीतून खाली बघायला लागली. दिवे दिसतील, मग संपतील, तिथं शीव असेल, असा तिचा हिशेब. खाली काळं. साडीतली एक पोरगी टॉफी घेऊन आली तेव्हा तिनं मोडक्या हिंदीत विचारलं, आपला मुलूख कधी संपणार? पोरगी हसली. म्हणाली, तो तर मघाशीच मागं राहिला, आता खाली समुद्र आहे.

शीव ओलांडली होती. तुकडा राहिला होता.

दाक्षायणीनं घाईघाईनं फडकं सोडलं. भाकरी मोडली, मल्लूवरून ओवाळली. आता टाकायची कुठं? खिडकी उघडेना, तिला उघडायची कडीच नव्हती. संडासात अन्न टाकायचं पाप तिच्यानं होईना. पायाखाली टाकावं तर कुणी तुडवेल. तुकडा हातात धरून अवघडून बसली. मग तिनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढची फळी खाली ओढली, कागदी रुमाल पसरला, त्यावर तुकडा ठेवला.

आणि हात आपसूक चटणीच्या पुरचुंडीकडं गेला. कोरडी भाकरी कुणापुढं ठेवायची सवयच नाही ना घरात. चिमूटभर चटणी तिनं तुकड्यावर मधोमध घातली. पाण्याचा पेला शेजारी सरकवला.

घरंदाज बाईचा हात. दुसरं काय करणार?

मोठे दिवे मालवले. माणसं पांघरुणं घेऊन गपगार झाली. दाक्षायणीचा डोळा लागला.

जाग आली ती आवाजानं.

कट्...

कडक भाकरी दाताखाली मोडते तो आवाज. शेजारीच.

कट्... कट्...

तिनं मान वळवली नाही. आधी मांडी चाचपली. मल्लू होता. रडत नव्हता. मांडीवर उभा राहून रिकाम्या खुर्चीकडं बघत होता. मग हसला. खुदकन.

“अज्जी,” म्हणाला.

दानम्माला तो अज्जी म्हणायचा.

तेव्हा तिनं बघितलं. शेजारी एक म्हातारी बसली होती. अंधारात चेहरा कळत नव्हता. डोक्यावरून पदर. तेलाशेंदराचा वास, आणि उन्हात तापलेल्या दगडाचा. दाक्षायणीला वाटलं, असेल कुणीतरी मागची, अक्कलकोटकडची, जागा बघून आली असेल. म्हातारीनं रुमालावरचा शेवटचा कण बोटानं टिपला. चाटला. मग बोलली. अगदी घरच्यासारखी.

“दमलीस गं. दे हिकडं घटकाभर.”

सूनबाई, तुम्हाला कळेल. अख्ख्या वाटेत तिला कुणी हे म्हणालं नव्हतं. सकाळपासून हातात पोर होतं, दंडाचा लाकडासारखा ठोकळा झालेला. आणि आवाज असा, की आईचाच. तिनं काही विचारलं नाही. कोण, कुठली, काही नाही. पोर दिलं.

हात हलके झाले. दाक्षायणी रडली जराशी. पदरानं डोळे पुसले. म्हातारी मल्लूला डुलवत होती, वर खाली, वर खाली. कानडीत काहीतरी पुटपुटत होती. मधेच म्हणाली,

“समदी टाकत्यात बाई. वाढत कुणीच न्हाय. आन वळून बी बघत न्हायत.”

 सासूचं बोलणं दाक्षायणीला तेव्हा आठवलं. टाकलेल्यानं जातंय. वाढलेल्यानं...

ती खिडकीकडं वळली. काच काळी. काचेत ती स्वतः दिसत होती. तिचं कुंकू दिसत होतं. पलीकडचा गोरा दिसत होता. मधली खुर्ची दिसत होती.

खुर्ची रिकामी होती.

मल्लू खुर्चीच्या वर होता. नुसता. हवेत. डुलत होता. वर... खाली...

“दे,” दाक्षायणी म्हणाली.

डुलणं थांबलं नाही.

“माझं लेकरू दे. त्याच्या बापाकडं न्यायचंय.”

“न्हे की,” म्हातारी म्हणाली. “मी कुटं न्हाय म्हणते? मी बी येते.”

तिनं हात पुढं केले. तिचे हात कशाला तरी लागले. गार. खडबडीत. दगड. शिवेचा दगड असतो ना, तसा. तिला ओरडायचं होतं. कुणाला ओरडणार? कुठल्या भाषेत?

...

दिवे लागले. विमान मध्येच कुठंतरी तेल घ्यायला उतरत होतं. मल्लू मधल्या खुर्चीत बसला होता, धडधाकट. कमरेला पट्टा होता, व्यवस्थित आवळलेला. दाक्षायणीला स्वतःचा पट्टा लावता येत नव्हता, मघाशी त्या पोरीनं लावून दिलेला. पोरगी आली, फळीवरचा रुमाल, पेला, चटणीची पुरचुंडी, सगळं कचरा समजून घेऊन गेली. दाक्षायणीनं मल्लूला पोटाशी घेतलं ते उतरेपर्यंत सोडलं नाही. मधल्या खुर्चीकडं बघितलं नाही. मल्लू मात्र तिकडं हात करायचा. खेळायचा. एकदा कुणीतरी हळूच म्हणालं, “भूक लागली गं.” दाक्षायणीनं कान झाकले.

फडकं चाचपलं, तर भाकऱ्या कुणी संपवल्या कळेना, एकच तुकडा उरला होता. शेवटचा. एका कडेला करपलेला, दानम्माचं लक्ष उडालं तेव्हाचा.

विलायत आली. लांब दालन, लांब रांग. पुढं पासपोर्ट बघणारा साहेब बसलेला, आणि त्याच्यापुढं फरशीवर पिवळा पट्टा रंगवलेला. त्याच्या अलीकडं थांबायचं, बोलावलं की ओलांडायचं. आता शीव कुणाला विचारायची गरज नव्हती. डोळ्यांपुढं आखून ठेवलेली होती.

साहेबानं बोट हलवलं. दाक्षायणीनं करपलेला तुकडा काढला. मल्लूवरून ओवाळला. टाकताना तिचा हात अडखळला, खरं सांगायचं तर. सगळ्या वाटेत एकच बाई तिला दमलीस म्हणाली होती, आणि तिलाच ती हाकलत होती. पण पोर होतं. तिनं तुकडा खांद्यावरून मागं फेकला. फरशीवर पडल्याचा आवाज आला. मागं कुणीतरी इंग्रजीत रागानं बोललं. तिनं पिवळा पट्टा ओलांडला. वळून बघितलं नाही.

दाक्षायणीनं नाही बघितलं.

पण खांद्यावर घेतलेल्या पोराचं तोंड कुठं असतं, सूनबाई?

मागं.

मल्लू मागं बघत होता. हात हलवत होता. “अज्जी... अज्जी...” मग हळूहळू गप झाला. मूठ मिटली, आणि आईच्या खांद्यावर मान टाकली.

बाहेर शरणप्पा उभा होता. बर्फात भिजून. त्यानं पोराला हातात घेतलं, आणि एवढा मोठा मेस्त्री, तिथंच रडायला लागला. काम झालं होतं. पोचतं झालं होतं पोर. गाडीत त्यानं पोराची मूठ उघडून बोटं मोजायचा प्रयत्न केला. मूठ उघडेना. झोपेत असेल म्हणून सोडून दिलं.

घरी आले. एकच खोली, दोन खुर्च्या, गॅसची शेगडी. शरणप्पा दूध आणायला खाली गेला. दाक्षायणीनं मल्लूला गादीवर निजवलं. त्याचा हात बाहेर आला होता, तो आत घ्यायला ती वाकली.

मूठ सुटली.

भाकरीचा तुकडा. कड करपलेली.

त्याच्यावर मधोमध, चिमूटभर, शेंगाची चटणी. ताजी. तेल सुटलेली.

टाकलेली नाही...

वाढलेली.